लंडनकरांनी मागितलेलं नाव

निपाणीच्या मोटारअड्ड्यावर बेळगावच्या मोटारीचा क्लीनर मला शोधत आला आणि म्हणाला, "शहापुरास्नं निरोप हाय. अण्णा गेलं."

"कुठले अण्णा?"

"ते काय म्हाईत न्हाय. अण्णा एवढंच सांगितलंय."

शहापुरात मी अण्णा म्हणावेत असे तिघं होते. माझे सख्खे थोरले भाऊ, धाकटे चुलते आणि आतेभाऊ विष्णूअण्णा. त्यामुळं मोटारीत बसलो तो नक्की कुणासाठी रडायचं हे न कळताच. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं... एकेकाला मनात मारून पाहिलं आणि प्रत्येक वेळी हा नको, असंच वाटलं. गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंचे माग बंद, आणि माणसं विष्णूअण्णांच्या दारात उभी. विष्णूअण्णा गेले याचं दुःख झालं, आणि त्याच क्षणी बाकीचे दोघे वाचले म्हणून हायसंही वाटलं. महिना उलटून गेला तरी या दोन भावना मला वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

विष्णूअण्णा विणकराच्या घरातले. पहाटे मागावर बसायचे आणि मग कोट चढवून बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे. या माणसानं इंग्रजीत कादंबरी लिहिली होती. शहापूरचा एक विणकर माग सोडून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जातो, मागं बायको एकटी माग चालवते, आणि शेवटी तो छातीचं दुखणं घेऊन घरी येतो व तिच्या मांडीवर प्राण सोडतो, अशी गोष्ट. मी त्यांना म्हणायचो, "अण्णा, मराठीत लिहा की. पुण्यात कुणीतरी छापेल." त्यावर ते म्हणत, "मराठी वाचणाऱ्याला शहापूर ठावं हाय रं. ज्याला ठावं न्हाय त्याला सांगायचं." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही धड पटलेलं नाही. पण हा माणूस टाइप केलेली पानं मेणकापडात बांधून लंडनच्या प्रकाशकांना पाठवायला कॅम्पातल्या पोस्टात जायचा. शहापूरच्या पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता. गोऱ्यांचं टपाल जिथून जातं तिथून आपलंही लवकर पोचेल, असा त्यांचा हिशेब. पार्सल बोटीनं जायचं, बोटीनं परत यायचं, सोबत दोन ओळींची छापील चिठ्ठी. अण्णा ती देवापुढं ठेवून नमस्कार करायचे. नकाराला नमस्कार कशाला, हे मी विचारलं नाही.

लढाईच्या अगोदर मात्र एकदा एका प्रकाशकाचं खरंखुरं पत्र आलं, खाली शाईची सही असलेलं. पुस्तक आवडलं आहे, छापायचा विचार आहे, फक्त एक अडचण आहे. तुमच्या नायकाला नाव का नाही? धाकटे त्याला भाऊ म्हणतात, थोरले पोरा म्हणतात, आणि बायको तर काहीच म्हणत नाही. तिचं त्याच्यावर प्रेम नाही काय? निदान तो मरताना तरी तिनं त्याला नावानं हाक मारावी. तेवढं केलंत तर पुढची बोलणी करू.

अण्णा पत्र घेऊन निपाणीला माझ्याकडं आले होते. तंबाखूच्या एका वखारीसमोरच्या हॉटेलात त्यांनी चहाला हातही लावला नाही. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय रं," ते म्हणाले. "सगळी कादंबरी लिवून झाली, पण त्याचं नाव घ्यायची पाळी कुणावर आलीच न्हाय."

मला हसू आवरेना. म्हटलं, "घाला की एक नाव, आणि व्हा मोकळे. वैनी थोड्याच इंग्रजी वाचणार हाईत?"

"ती न्हाय वाचणार. पण मला ती बाई ठावं हाय. ती तसं म्हणणारच न्हाय."

ते वाक्य लिहायचं त्यांनी फार मनावर घेतलं. लिहीत आणि खोडत. शेवटी एके दिवशी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या वहिनींनाच म्हणाले, "एकदा नावानं हाक मार बघू. कानाला कसं लागतंय ते कळू दे." मी तिथंच होतो. वहिनी आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. "लग्नात उखाण्यात घेतलंय की," त्या म्हणाल्या, "ते लिवा." अण्णांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, सुटलं कोडं. आणि त्यांनी खरंच तसं केलं. मरणाऱ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यांची नायिका यमक जुळवून इंग्रजीत उखाणा म्हणते! उखाणा वहिनींचाच. त्यात दुसरं नाव बसेना, म्हणून नायकाचं नाव विष्णू पडलं. अण्णांना ते पान इतकं खरं वाटलं की त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. मलाही खरं वाटलं. आम्ही दोघंही शहापूरचे.

लंडनहून पार्सल परत आलं. अशा प्रसंगी बाई कविता म्हणते हे आमच्या वाचकाला हास्यास्पद वाटलं. ते काढून साधी हाक घातलीत तर अजूनही विचार करू, असं लिहिलं होतं. अण्णांनी ते काढलं नाही. मग लढाई पेटली, बोटींचा नेम राहिला नाही, आणि लढाई संपल्यावरही त्यांनी विषय काढला नाही. गेल्या दिवाळीला मी विचारलं, "पाठवणार का पुन्हा?" तर म्हणाले, "बघू की." तो माणूस हरला होता की समाधानी होता, मला सांगता येत नाही. मी चिडलो मात्र होतो. आयुष्यभराची हौस एका ओळीपायी अडून बसावी, याचा मला रागच येतो.

म्हणून गेल्या रविवारी मी शहापूरला गेलो ते ठरवूनच. उखाणा खोडायचा, साधी हाक लिहायची, पार्सल करायचं. वहिनींनी ट्रंकेतून पानं काढून दिली. मी पेन काढलेलं पाहून त्यांनी विचारलं, "काय करतायसा भावजी?" मी सांगितलं.

"ते काढायचं न्हाय."

"मग ते लोक छापणार न्हाईत, वैनी."

"न्हाय तर न्हाय." त्या जरा थांबल्या. "उखाणा घे म्हणून सवाष्णीलाच म्हणत्यात. मला आता कोण म्हणणार? तेवढ्या एका पानावर ती बाई घेतीया, तर घेऊ दे तिला."

मी पेनाला टोपण लावलं.

"कुठं हाय ते नाव? दावा तरी," त्या म्हणाल्या. मी ओळीतलं ते नाव दाखवलं. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही, पण त्यांनी नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलं. बोट काही उचलेनात.

पार्सल बांधायला नेलेली दोरी मी तशीच निपाणीला परत घेऊन आलो.