युनिटचं जेवण

हे बायकोला माहीत नाही. अक्काला तर नाहीच. तुला सांगतोय, कारण परवा धुळ्याच्या एका कॉलेजात मला शाल-नारळ देऊन बसवलं, आणि एका मुलीनं विचारलं — सर, या लाइनीत किती मिळतं? मी हसून मोठा आकडा ठोकून दिला. टाळ्या पडल्या. वाटलं, तिथंच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

किती मिळतं? मी टीव्ही मालिकेचा प्रॉडक्शन मॅनेजर. गाड्या, खोल्या, जेवण, परवानग्या सगळं मी बघायचं, शिव्या मी खायच्या, आणि माझे पैसे तीन महिन्यांनी. तेही मागे लागलो तर. उरलेलं बिलांतून काढायचं. हे कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं. हरामखोरी आहे ही, दुसरा शब्द नाही.

एकदा शूटिंग धरणगावजवळ निघालं — माझ्याच गावात. अक्का माझी मोठी बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच, शिलाईवर घर चालवते. म्हणाली, भाऊच्या कामावरची माणसं बाहेरचं खातील का? पाहुणे ते. आणि पाहुण्याच्या जेवणाचे पैसे आमच्याकडे कोण घेतं? भावकीतून वांगी आली, पीठ आलं. बायकांनी अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. शूटिंग संपेपर्यंत अख्खं युनिट तेच जेवलं. सगळे जेवले का बघायला रोज अक्का दारात उभी — "बठ्ठा जेवनात ना रे भाऊ?"

आणि मी जळगावच्या एका केटररच्या नावानं बिलं लावली. असा केटररच नव्हता. पैसे माझ्या खिशात. गाडी घेतली ती त्यातूनच.

पण एवढंच असतं तर मी स्वतःला चोर म्हणून मोकळा झालो असतो.

शेवटच्या दिवशी निर्माते मुंबईहून आले, आमच्या घरी जेवले. त्यांना वाटलं, आजचाच खास बेत आहे. बोटं चाटत म्हणाले, पुढचं वर्षभर इकडे येणं आहे, तो जळगाववाला सोडा, जेवणाचं काम तुमच्या बहिणीला द्या, आगाऊ पैसे देतो. अक्का दाराआड होती. तिच्या मुलीला धुळ्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची होती. काहीतरी काम बघ म्हणून ती माझ्या मागे लागली होती. आणि हे काम तर घरी चालत आलं होतं! मी काय केलं? मला एवढंच दिसलं, की ही साहेबांशी बोलेल, इतके दिवस मीच जेवू घातलं म्हणेल, आणि माझी बिलं उघडी पडतील.

मी म्हणालो, "साहेब, आमच्यात बायका जेवण विकत नाहीत."

कुठली रीत? कुणी घातली? मीच, त्या क्षणी, माझं बूड वाचवायला. निर्मात्यांनी वर आदरानं मान हलवली, याचा मला अजून संताप येतो.

फी भरली गेली नाही. भाची आज धुळ्यात कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. आणि अक्का? ती शेजारणींना सांगते, "मना भाऊले मनी भलती कायजी शे." भावानं आपल्याला लोकांचं रांधायला लावलं नाही, असं ती समजून बसली आहे.

मागच्या महिन्यात गावी गेलो. गाडी तिच्या अंगणात लावली. तिनं हात धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. मी जेवलो. भाकरी अजून एक मागून घेतली.