पाण्यातून होडीत

“भांगाच्या पाण्याला नावं ठेवू नये. उधाण त्याच्याच पोटातून येतं.”

भगवंत तामोरेचं हे वाक्य ऐकलं नाही असा खलाशी मुरब्याच्या बंदरावर शोधून सापडणार नाही. पुनव आणि अवस जवळ आली की समुद्र फुगतो, पाण्याला ओढ येते, डोलीची जाळी पोटभर भरतात, ते उधाण. मधल्या अष्टमीच्या सुमाराला पाणी सुस्तावतं, जाळी उपाशी लोंबतात, तो भांग. भांगात तरणे खलाशी कंटाळून पत्ते कुटायला बसले की भगवंत फाटलं जाळं मांडीवर ओढून घ्यायचा, सुईत दोरा भरायचा आणि मान वर न करता हे वाक्य त्यांच्याकडे फेकायचा. पोरं हसायची. एखादा म्हणायचा, “काका, तुमचं उधाण कधीच सरलं, आता भांगच उरलाय.” भगवंतही हसायचा. पन्नाशी ओलांडली होती, पण खांदे अजून होडीच्या फळीसारखे रुंद होते, त्यामुळे हसणं परवडत होतं.

माघातल्या एका सकाळी ते परवडेनासं झालं. खोल समुद्रात डोलीचं जाळं ओढताना दोर तुटला आणि भगवंत पाठीवर पाण्यात पडला. पडण्याचं काही नाही. समुद्रावर जन्म काढलेला माणूस पडतोच, आणि होडीची कड धरून वर येतो. भगवंतने कड धरली. अंग वर खेचलं. कोपरं थरथरली आणि शरीर होतं तिथेच राहिलं. पुन्हा खेचलं, पुन्हा तेच. पाय मोकळ्या पाण्यात नुसते हलत राहिले. शेवटी पुतण्याने, विपुलने, त्याच्या काखेतून दोर घातला आणि तिघांनी मिळून त्याला भरल्या जाळ्यासारखा वर घेतला. होडीत तो बोंबलांच्या राशीवर पडून धापा टाकत होता आणि तिघंही त्याच्याकडे न पाहता दोर गुंडाळत होते.

होडी विपुलची. भगवंतचा मोठा भाऊ गेल्यावर नाखवेपण विपुलकडे आलं होतं, आणि होडी हाकायला त्याला भगवंतनेच शिकवलं होतं. पावसाळ्याची मासेमारीची बंदी लागली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, तेव्हा विपुल एका संध्याकाळी काकाच्या ओट्यावर येऊन बसला. चहा निवला तरी कपाला तोंड लावलं नाही.

“काका, पुढच्या हंगामाला तुमी किनाऱ्यावर रहा. जाळ्यांचं काम तुमच्यासारखं कोणाला येतंय?”

“म्हातारा झालो म्हण की.”

“तसं नाय म्हटलं मी.”

“मग कसं म्हटलंस?”

विपुल पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. भगवंत म्हणाला, “बंदी उठून होडी पाण्यात गेली की तुज्यासमोर खाडीत उडी मारीन. कोणाचा हात नाय, दोर नाय. चढलो तर माजी जागा माजी. नाय चढलो तर जाळी शिवीन आणि होडीचं नाव काढणार नाय.”

विपुलने मान हलवली. आतून ज्ञानेश्वरीने, म्हणजे भगवंतच्या बायकोने, भांडं आपटलं. सगळा गाव तिला ज्ञानूबाय म्हणतो. बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसणारी, गिऱ्हाईकाला शब्दाने घायाळ करणारी बाई. विपुल गेल्यावर ती उंबऱ्यात आली.

“पाण्यानं एकदा परत दिलंय तुमाला. दर खेपेला देईल असं काय लिवून दिलंय?”

दुसऱ्या दिवशी बोंबील सुकवायच्या रिकाम्या वलांडीखाली जाऊन भगवंतने इकडेतिकडे पाहिलं, आडव्या बांबूला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलले. जुना बांबू. मोठा आवाज झाला आणि भगवंत बांबूसकट चिखलात बसला. समोरच्या होडीच्या सावलीत चिंधू नावाचा त्याच्याच वयाचा माणूस विडी ओढत होता.

“भगवंता, बोंबील संपले म्हणून सोताच सुकायला लटकलास काय रं?”

तासाभरात गावभर झालं. तीन-चार दिवस जो भेटेल तो विचारत होता, “सुकलास काय?”

हसला नाही तो एकटा कैलास. बीडकडचा, पाटोद्याच्या बाजूचा पोरगा. तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि भगवंतच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. परसातल्या दोन माडांच्या मध्ये त्याने लोखंडी पाइप आडवा पक्का बांधला होता आणि पाळी नसेल तेव्हा त्याला लटकून वरखाली व्हायचा. ज्ञानूबाय त्याला ‘आमचं वटवाघूळ’ म्हणायची. त्या संध्याकाळी तो भगवंतला म्हणाला, “काका, बांबूचं काय खरं नाही. माझ्या दांड्याला या की. पण एकदम वर जायचं नाही. आधी नुसतं लटकायचं.”

“लटकून काय हुनार?”

“हाताला कळंल, की अंगाचं वजन आपलंच आहे म्हणून.”

मग सुरू झालं. आधी नुसतं लटकणं. मग खालच्या फळीवर उभं राहून हनुवटी पाइपच्या वर न्यायची आणि अंग सोडायचं, पण असं सावकाश, की वरून माडाचं पान गळत यावं. मग ओट्याच्या कडेला पाठ करून, हात टेकून, बूड खाली नेऊन परत उचलायचं. ना वजनं, ना यंत्रं. कैलासच्या शिकवण्याची रीत एकच होती. तीन हप्ते थोडं थोडं चढत जायचं, चौथ्या हप्त्यात निम्म्यावर उतरायचं, आणि मग नवा फेरा आधीच्या फेऱ्याच्या एक पायरी वरून धरायचा. “शरीर काम करताना वाढत नाही काका,” तो म्हणायचा, “काम सोडल्यावर वाढतं.” भगवंत मान डोलवायचा. खांदे दुखायचे, तळहाताला घट्टे पडले होते, पण दुखण्यात एक गोडी होती. फळीवरून उतरताना आधी तो पोत्यासारखा कोसळायचा. आता उतरता उतरता परसात कोंबडी कुठे जाते हे पाहण्याइतका वेळ मिळायला लागला होता.

पहिल्या फेऱ्याचा चौथा हप्ता आला आणि नेमकी त्याच हप्त्यात अवस आली. ज्येष्ठातली अवस. खाडीचं पाणी बंदराच्या पायऱ्या गिळून वर आलं होतं, वारा माड पिळत होता, आणि कॅलेंडर पाहून कैलास सांगत होता, “या हप्त्यात हलकं, काका.”

हे भगवंतच्या रक्ताला पटेना. होडी बंद असो की चालू, अंगात भिनलेलं जात नाही. उधाणात कोळी झोपत नाही, जेवण उभ्याने करतो. उधाणात बसून राहणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर ऐदी. बापाने हेच शिकवलं, बापाला त्याच्या बापाने. लाटांचा आवाज परसापर्यंत येत होता आणि भगवंतचे हात पाइपकडे ओढ घेत होते. कैलास पाळीवर गेला की तो लटकायचा. दुप्पट लटकायचा. उतरायचा, पुन्हा चढायचा. चार दिवस त्याला वाटलं की आपण पंचविशीत परत आलो.

पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलता येईना. उजव्या कोपराच्या आत कुणी गळ अडकवून ठेवलाय असं वाटत होतं. कोपर सुजून चकाकत होतं. तो डाव्या हाताने चहा पिऊ लागला, तेव्हा ज्ञानूबायच्या नजरेतून काय सुटणार?

तव्यावर मीठ भाजून, फडक्यात बांधून ती शेकायला बसली. बराच वेळ शेकत राहिली. एकदाही त्याच्याकडे मान वर केली नाही.

“बोल काय ते,” तो म्हणाला.

“काय बोलू? बंदरावरच्या पोरास्नी भांगाचं शिकवता. या हाताला कोण शिकवणार, मी?” आणि पुरचुंडी जरा जोरात दाबली.

भगवंत कळवळला; शेकामुळे की वाक्यामुळे, कुणास ठाऊक. आपलं बोलणं आपल्यालाच लागू पडतं हे माणसाला लवकर सुचत नाही. त्याने आयुष्यभर भांगाचं पाणी समुद्रात पाहिलं होतं. ते आपल्या कोपरातही असेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

कैलास परतल्यावर भगवंतने स्वतः होऊन सांगितलं. लपवलं नाही. कैलास चिडला, खाली बसला, कोपर चाचपून पाहिलं. “काका, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“तू सांगितलंस ते बरोबर हाय रं. पण तुजा हप्ता सोमवारी सुरू होतो. माजं अंग सोमवार वळखत नाय. ते तिथी वळखतं.”

कैलासने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “म्हणजे उधाणात जोर आणि भांगात हलकं, असं केलं तर?”

“तसं मला मोडता येणार नाय. भांगात काम करायला सांगितलंस तर मलाच लाज वाटेल.”

“फेरा लई लहान होतो. पण तुमच्या वयाला लहानच बरा. चला, भिंतीवरचं पंचांग धरू.”

कोपर उतरेपर्यंत भगवंतने पाइपला हात लावला नाही. पुढच्या उधाणाला तो हळूच परत लटकला. मग फेरे पाण्याबरोबर चालू लागले. पाणी वर तेव्हा तो वर, पाणी मंद तेव्हा तोही मंद. भांगात फक्त ओट्याला हात टेकून थोडी हालचाल, मग जाळं आणि सुई. प्रत्येक उधाणाला आधीच्या उधाणापेक्षा जरासं जास्त. फार नाही. रेतीवर भरतीची रेघ जेवढी पुढे सरकावी तेवढं.

श्रावणातला भांग ओसरत असतानाची एक सकाळ. ज्ञानूबाय परसात भांडी घासत होती. भगवंत पाइपखाली उभा राहिला आणि पायाखाली फळी ठेवायचं विसरला. लटकला, आणि वर गेला. हनुवटी पाइपच्या वर पोचली तेव्हा त्याला शेजारच्या घराची कौलं दिसली आणि त्या कौलांवर वाळत घातलेली एक गोधडी. फळीशिवाय हे आपल्याला कधी दिसलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. खाली उतरून त्याने ज्ञानूबायकडे पाहिलं. ती राखेने पातेलं घासत होती. घासता घासता म्हणाली, “पाहिलं मी. ओरडून नका सांगू.”

बंदी उठली, नारळी पुनव झाली, समुद्राला नारळ वाहिला. होडी रंगवून झाली होती. खाडी काठोकाठ भरली तशी विपुलने ती पाण्यात घेतली आणि भगवंत अंगातला सदरा काढून नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला. काठावर चिंधू होता, बरीच माणसं होती. कैलास पाळी सोडून आला होता. ज्ञानूबाय नव्हती, बाजार टळणार नाही म्हणून सकाळीच पाटी घेऊन निघून गेली होती.

भगवंतने उडी मारली. पाणी गढूळ, ओढ चांगलीच. वर येऊन त्याने दोन्ही हातांनी होडीची कड धरली आणि सगळा जोर लावला. छाती कडेपर्यंत आली, आणि त्याच क्षणी होडी त्याच्याच अंगावर झुकली. नव्या रंगाची ओली कड हाताखालून निसटली. भगवंत परत पाण्यात.

काठावर कुणी हसलं नाही. चिंधूसुद्धा नाही. विपुल पुढे आला आणि त्याने हात लांब केला.

“काका, धरा.”

भगवंतने त्या हाताकडे पाहिलं. धरला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, ते त्याला माहीत होतं. त्याने मान हलवली आणि कडेला बोटं नुसती अडकवून तरंगत राहिला. परसातला पाइप माडांना बांधलेला होता, तो हलत नव्हता. होडी श्वास घेते. एकदा ती अंगावर आली, गेली. दुसऱ्यांदा आली, गेली. तिसऱ्यांदा कड खाली आली तशी त्याने दोन्ही कोपरं तिच्यावर टाकली, आणि होडी परत सावरताना वर निघाली तिच्याबरोबर तोही निघाला. मग ओट्यावर दाबायचे तसे तळहात दाबले. पोट घासलं, एक पाय आत आला, आणि भगवंत तळातल्या दोरांवर पालथा पडला. उठून बसला. छातीवर लाल ओरखडे होते.

विपुल त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

“त्या दिवशी दोर घालायच्या आधी तुमचा हात माज्या हातातून दोनदा सुटला होता, काका. तेवढंच डोळ्यासमोर येतं. म्हातारे झालात म्हणून किनाऱ्यावर रहा म्हटलं नव्हतं.”

भगवंतने ओल्या तळहाताने तोंड पुसलं. तो म्हणाला, “तेव्हा सांगायचं ना रं.”

“सांगितलं असतं तर तुमी थांबला असता?”

“नाय.”

दोघंही हसले. काठावरून चिंधू ओरडला, “ए, गप्पा काय हाणता? आता मलापण त्या दांड्याला लटकवा!”

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना ओहोटीच्या पाण्याबरोबर होड्या निघायच्या होत्या. ज्ञानूबायने भाकरी आणि सुक्या जवळ्याचा डबा बांधून दिला. ‘सांभाळून जा’ असं म्हणाली नाही; कांदा जास्त घातलाय, एवढंच म्हणाली. भगवंतने डबा बगलेत मारला, रबरी बूट हातात घेतले आणि अनवाणीच ओल्या रेतीवरून बंदराकडे चालू लागला. मागे वळून पाहायची त्याची सवय नव्हती. कैलास दात घासत परसाच्या कुंपणाशी उभा होता, तो आत गेला. ज्ञानूबाय मात्र दारात झाडू धरून उभी राहिली; तो होड्यांच्या गर्दीत शिरला आणि कुठली पाठ त्याची ते ओळखू येईना, तोवर उभीच राहिली.