दोन बोटांचा कल

नशात नावाचा विद्यार्थी माझ्या लक्षात राहिला तो एका प्रश्नामुळे. अलेक्झांड्रियातल्या मुलांच्या शाळेत मी तत्त्वज्ञान शिकवत होते. त्या दिवशीचं कोडं असं: मारेकरी दाराशी येऊन घरात लपलेल्या मित्राची चौकशी करतो. खरं सांगावं की खोटं? वर्गात दोन तट पडले होते. शेवटच्या बाकावरून हा म्हणाला, "बाई, दाराची कडी भक्कम आहे का, ते आधी बघायला हवं." सगळे हसले. तो मात्र उत्तराची वाट बघत उभाच राहिला.

पुढे तो लिफ्टचा मिस्त्री झाला आणि आमच्याच इमारतीची लिफ्ट त्याच्याकडे आली. गेल्या हिवाळ्यात ती चौथ्या मजल्यापाशी अडकायला लागली. नशातनं वरून ओळंबा सोडला. लिफ्ट ज्या रुळांवरून सरकते ते समुद्राच्या बाजूला दोन बोटं कलले होते. रूळ भिंतीत ठोकलेले असतात. ते एकटे कलत नाहीत.

त्याच्या कंपनीनं लिफ्टला नवं यंत्र बसवलं होतं. कल मर्यादेबाहेर गेला की लिफ्ट थांबते आणि नगरपालिकेला आपोआप निरोप जातो. मग इमारत रिकामी करतात. मर्यादेला आता केसाएवढं अंतर उरलं होतं. कंपनीचे मालक हाज्ज लुत्फींनी त्याला ती मर्यादा दुप्पट करायला सांगितली. आपल्या यंत्रानं एक इमारत ओस पडली की दुसरं कोण ते बसवून घेईल, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हे. नशातच्या आईच्या शस्त्रक्रियेला त्यांनीच डॉक्टर गाठून दिला होता.

नशातनं आम्हाला सगळं सांगितलं. बावीस बिऱ्हाडं, सगळी जुन्या भाड्याची. बाहेर पडलो तर शहरात पुन्हा छप्पर मिळणं कठीण. जिन्यात सगळे जमले. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला सब्री म्हणाला, "ही इमारत माझ्या आजोबांच्या वेळेपासून वाकडी आहे. सरळ असती तर आम्हाला परवडली असती का?"

पाचव्या मजल्यावरच्या इनायतबाई आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला रुग्णालयात जातात. त्या म्हणाल्या, "लिफ्ट थांबवलीस तर मी याच आठवड्यात जाईन. इमारत पडायची तेव्हा पडेल. तुला कसली घाई रे, बाळा?"

नशात माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. कर्तव्य बघायचं की परिणाम?"

तीस वर्षं मी हा धडा शिकवला. पण माझं घरही तिसऱ्या मजल्यावर होतं. मी त्याला म्हटलं, अजून एकदा मोजून बघ.

"मोजलंय, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मर्यादा दुप्पट केली आणि त्याच आठवड्यात इनायतबाईंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. तुम्हाला आत ठेवून मला बाहेर झोप लागायची नाही, एवढंच तो मला म्हणाला.

रोज सकाळी तो ओळंबा सोडतो. आधी खाली येऊन आकडा सांगायचा. रमजानपासून सांगत नाही, मीही विचारत नाही. ओट्यावर ठेवलेला कांदा हल्ली समुद्राकडे घरंगळतो.

खोली घेतली तेव्हा नशातनं बायकोला मोजलेलं सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून ती दोन्ही मुलींना घेऊन टांटा शहरात माहेरी राहते, आणि पाचव्या मजल्यावर तो एकटाच असतो.