तिसरी पिन

गिटारचा अ‍ॅम्प उघडताना मी डावा हात खिशात ठेवतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि दोन्ही हात आत असले तर ती छातीतून जाते. वर्ध्यात घराच्या मागच्या खोलीत मी हे काम करतो. ऑर्केस्ट्रावाले येतात, भजनवालेही येतात. काम आवडतं, पण भीती गेलेली नाही.

धाकटी बहीण हिंगणघाटला शाळेत शिकवते आणि एका भजन मंडळात गिटार वाजवते. तिच्या अ‍ॅम्पची तक्रार साधी होती: वाजवताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. प्लग पाहिला. अर्थिंगची जाड तिसरी पिन कोणीतरी कापून टाकली होती, दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. मी तीन पिनांची नवी वायर घातली, हिरवी तार आतल्या पत्र्याला बोल्टने आवळली, मीटर लावून पाहिला. सगळं बरोबर होतं.

अ‍ॅम्प नेताना तिला बजावलं, "मंडपवाल्याकडून तिसऱ्या भोकाले अर्थिंग जोडून घेजो. त्याच्याशिवाय लावू नोको."

तिचा पुढचा कार्यक्रम अल्लीपूरला होता. दुपार कलल्यावर तिचा फोन आला.

"दादा, लावला अ‍ॅम्प. घरघर एकदम बंद."

"अर्थिंग घेतली ना?"

"घेतली. मंडपवाला कुरकुर करत होता, पण मी अडून बसली. मंग त्यानं सळईलेच जोडून देली."

"कोणती सळई?"

"इकडची न्यूट्रल गेली म्हणे डीपीवरून. त्यानं जमिनीत सळई ठोकून काम चालवलं. मीठ-पाणी टाकलं खड्ड्यात, लाइट फुल आहे. ठेवतो आता. सत्कार झाले की आमचंच आहे."

फोन बंद झाला. मी लगेच पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली.

गावात डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरून येणारी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, गेली की सळई ठोकून ती जमिनीतून घेतात. बल्ब लागतात, पंखे फिरतात. पण मंडपाची सगळी वीज परत जाताना त्या सळईतून जाते. सळईची मातीवरची पकड कमी पडली, की सळईतच करंट उतरतो. त्याच सळईला अ‍ॅम्पची हिरवी तार जोडलेली. हिरव्या तारेला पत्रा, पत्र्याला गिटारची वायर, वायरीला तारा. कापलेल्या पिनीवर बहिणीला झिणझिण्या येत होत्या. मी लावलेल्या पिनीवर पूर्ण करंट तिच्या बोटांपर्यंत पोचणार होता. भजनाला बसताना चपला काढतात. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारतात.

गाडी काढली. टेस्टर आणि मीटर घेतलं. सोयाबीनचे दिवस होते; रस्त्यावर थ्रेशर ओढणारे ट्रॅक्टर होते आणि ते बाजू देत नव्हते. वाटेत एकदा थांबून फोन लावला. उचलला नाही. फोन पर्समध्ये असेल, असं स्वतःला सांगितलं. दुसरंही कारण असू शकत होतं. पुन्हा फोन लावायची हिंमत झाली नाही.

मंडपाजवळ पोचलो तेव्हा स्पीकरवर एक आवाज कोणाला तरी शाल-श्रीफळ घ्यायला बोलावत होता. सत्कार चालूच होते. एरवी मला त्यांचा कंटाळा येतो.

बहीण स्टेजच्या कडेला अनवाणी उभी होती. खाली ओली माती होती. गिटार प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलेली होती आणि ती उचलायला बहीण वाकली होती.

"हात लावू नोको," मी म्हणालो.

ती थांबली. "तू काऊन आला?"

मी खिशातून टेस्टर काढला. टेस्टरचं टोक गिटारच्या तारेला लावलं. आतला दिवा भक्क लागला. तिने तो पाहिला आणि हात पाठीमागे नेले. मी प्लग काढला.

मंडपवाला आला. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊ, इतके प्रोग्राम केले, कोणाले काही झालं नाई. माझा सेट दोन पिनवरच चालून राह्यला. तुमच्या पिनीनंच तर हे झालं."

ते खरं होतं. त्याची सळई चूक होती, पण करंट गिटारपर्यंत माझ्या पिनीनेच आणला होता.

"मंग कापून दे ना पिन," बहीण म्हणाली. "ओठाले थोड्या झिणझिण्या येतीन, येऊ दे."

"नाई."

"दुरुस्त कराले देला होता मी अ‍ॅम्प. बंद कराले नाई."

"तशीच वाजव."

"खंजेरीत कोणाले आयकू येईन?"

"नाई येत तर नाई येत."

तिने गिटारची वायर उपटून माझ्या अंगावर टाकली आणि स्टेजवर जाऊन बसली.

भजन सुरू झालं. खंजेरी घुमत होती, तिची बोटं तारांवर फिरताना दिसत होती, आवाज मात्र येत नव्हता. मी अ‍ॅम्पच्या मागे उकिडवा बसलो होतो. मंडपात मोकळा प्लग दिसला की कोणीही तो बोर्डात लावून टाकतो. बोर्डाचं तिसरं भोक अजून सळईलाच जोडलेलं होतं, आणि प्लग लागला की अ‍ॅम्पच्या पत्र्याला कोणाचाही हात लागू शकत होता. म्हणून प्लग मी मुठीत धरला होता. मूठ घामाने ओली झाली होती.

एक कार्यकर्ता वाकून म्हणाला, "भाऊ, लावून देऊ का हे?"

"नाई," मी म्हणालो, आणि मूठ आणखी आवळली.