शेवटच्या ओळीआधी थांबणारे कंट्रोलरमामा

कंट्रोलरमामा विनोदी गोष्ट वाचू लागले की गाडी रद्द झाल्याची सूचना देतायत असं वाटायचं. आवाज सपाट, मान ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर माणसं पोट धरून बसलेली असायची आणि मामांच्या मिशीचा केससुद्धा हलायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘‘वाचणाराच हसाया लागला तर ऐकणाऱ्यानं काय करायचं? घरी जायचं?’’

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. उभी नोकरी बसस्थानकांवर कंट्रोलर म्हणून गेली, आधी शिरूरला, मग दौंडला. निवृत्त होऊन ते राहूला, आपल्या गावी, परतले तेव्हा आता शेवंती लावतील आणि गप बसतील, असं मामींना वाटलं होतं. मामांनी शेवंती लावली, पण गप काही बसले नाहीत. त्यांनी स्पर्धा काढली. दिवाळी उरकून गुऱ्हाळं चालू झाली की एका रविवारी दुपारी गावाबाहेरच्या एका गुऱ्हाळाच्या शेडमध्ये ती भरायची. गोष्ट विनोदी हवी आणि तिची शेवटची ओळ म्हणजे शाब्दिक कोटी हवी, एवढीच अट. लिहिणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, सगळ्यांच्या गोष्टी मामाच वाचणार. बक्षीस एक गुळाची ढेप.

निकाल लावायची रीत त्यांचीच. टाळ्या चालायच्या नाहीत, हसण्याला तर काडीची किंमत नाही. ‘‘हसाया कुणीबी हसतंय. कण्हायला लावा,’’ असं ते म्हणायचे. कोटी कानावर पडल्यावर शेडमधून ‘अरारारा’ असं जे एक सामुदायिक कण्हणं निघायचं, ते ज्याच्या वाट्याला सगळ्यात लांब, त्याची ढेप. यवतच्या एका बाईंची गोष्ट मला आठवते. एक मुलगी वर्षानुवर्षं तप करते, देव प्रसन्न होऊन म्हणतो, ‘वर माग’, आणि ती लाजून म्हणते, ‘वर नको देवा, खालच्या मजल्यावरचाच बरा आहे.’ त्या दिवशी माणसं दाढ दुखावी तशी गाल धरून बसली होती. एका पाहुण्याला ते कळलं नाही म्हणून शेजारचा समजावून सांगायला लागला, तर मामांनी वाचन थांबवून त्याला बाहेर काढलं. ‘‘इस्कटून सांगितली ती कोटी न्हाई, शिकवणी झाली. फी घ्या त्याच्याकडनं.’’

पण मामांची खरी कला वाचण्यात नव्हती, थांबण्यात होती. शेवटच्या ओळीचे पहिले दोन शब्द म्हणायचे आणि गप्प. कागद खाली. समोर कुठंतरी बघत राहायचे. ही सवय स्टँडवरची. दौंडला गाडी लागली की माइकवर गावाचं नाव घ्यायचे आणि फलाट सांगायच्या आधी थांबायचे. सगळा गोंगाट आपोआप बसायचा. ‘‘वरडून कोण ऐकतंय? थांबलं की ऐकत्यात,’’ असं त्यांचं गणित होतं. दरवर्षी ते थोडं जास्त ताणायचे आणि आम्हीही दरवर्षी जास्त वेळ श्वास धरून बसायला शिकलो. मधेच कुणी खोकलं तर त्याच्याकडे असं बघितलं जायचं, की बिचाऱ्यानं पुढच्या वर्षी यायचं की नाही याचा विचार करावा.

मी राहूची लेक, शिरूरला दिलेली. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीच्या ऑफिसात काम करते. दरवर्षी न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून मी हरायला यायचे. निकालानंतर मामा मला बाजूला घ्यायचे. नाव गुप्त असलं तरी माझी गोष्ट त्यांना बरोबर कळायची. ‘‘पोरी, तुझी कोटी लांबनंच दिसती. फाट्यावरनंच सगळं गाव दिसाया लागलं तर आत कोण येतंय?’’ मामी मागं लसूण सोलत बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, ‘‘नको गं मनावर घेऊ. येड्यांचा बाजार हाय ह्यो.’’ पण येड्यांचा चहा त्याच करायच्या, आणि जागाही सोडायच्या नाहीत.

त्या वर्षी मी दोन भावांची गोष्ट लिहिली होती. धाकट्याला शेतासाठी कालव्याचं पाणी हवं असतं आणि थोरल्याला ते शेतच हवं असतं. धाकटा पाणी सुटावं म्हणून ऑफिसांचे उंबरे झिजवतो, साहेबाच्या घरी कांद्याच्या गोणी पोचवतो, साहेबाच्या कुत्र्याला आंघोळसुद्धा घालतो. मामांनी ते कुत्र्याचं इतक्या गंभीरपणे वाचलं की पुढच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून खाली सरकला. ढेप या वेळी आपलीच, असं मला वाटायला लागलं. मामा शेवटच्या ओळीशी आले. ‘‘आणि अखेर त्यानं...’’ म्हणाले आणि थांबले. कागद खाली आला.

आम्ही थांबलो. सगळे ओठ दाबून, डोळे चमकवत. पुढच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, ‘‘आज लईच ताणलंय मामांनी.’’ त्याला गप्प केलं गेलं. एका बाईचं तान्हं कुरकुरायला लागलं, ती त्याला घेऊन चवड्यावर चालत बाहेर गेली. मामा समोर बघत होते. आम्हीही त्यांच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय माणूस आहे!

काहिलीवर गूळ शिजवणारा गुळव्या उत्तर प्रदेशातून आलेला होता. त्याला मराठी गोष्ट कळत नव्हती, तो नुसता मामांचा चेहरा बघत होता. हातातला झारा ठेवून तो पुढं आला. ‘‘मामाजी, तबीयत ठीक है ना?’’ मग आमच्याकडे वळून म्हणाला, ‘‘इनका मुँह टेढ़ा हो रहा है।’’

त्यावर सगळं शेड खो खो हसलं. आम्हाला वाटलं, हाही मामांनी बसवलेलाच भाग असणार.

मामी लसणाची सुपली बाजूला सारून उठल्या, तेव्हा हसणं थांबलं. त्यांनी मामांच्या हातातला कागद काढून घ्यायला पाहिलं, तो सुटेना. मग खुर्च्या पडल्या, कुणाची तरी जीप आली, मामांना उचललं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बोलणं नक्की कधी बंद पडलं? आम्ही एवढे जण गेलो होतो, पण एकालाही सांगता येईना. ते आपणहून किती थांबले आणि तिथून पुढं पक्षाघातानं त्यांना किती थांबवलं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. घरी येऊन मी भांडी घासली, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बधिर म्हणतात ते हेच असावं.

जीव वाचला, वाचा गेली. त्यांचा मुलगा दौंडला राहायचा, तिथं त्यांना नेलं. मी भेटायला जायचे. मामा खिडकीशी बसलेले असायचे, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. एकदा मामींच्या देखत मी त्यांना म्हटलं, ‘‘मामा, ती गोष्ट माझी होती. तुमची शेवटची ओळ राहिली.’’ आणि सांगून टाकली, ‘‘आणि अखेर त्यानं शेतावर पाणी सोडलं.’’ मामांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी सोडणं म्हणजे हक्क सोडणं हे तर दूरच. पाणी म्हणजे काय, शेत म्हणजे काय, तेही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ज्या माणसानं आम्हाला एका शब्दाचे दोन-दोन अर्थ काढायला लावले, त्याच्याकडे एकही उरला नव्हता. त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं, अनोळखी पाहुण्याला बसा म्हणावं तसं. मी चहा घेतला आणि निघाले. एस.टी.त तिकीट काढताना कुठं जायचं ते मला पटकन सांगता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. मला तेव्हाही रडू आलं नाही. लोक म्हणाले, सुटले. मीही म्हणाले.

दिवाळी झाल्यावर मामींचा फोन आला. ‘‘गुऱ्हाळ चालू झालंय. येतीस न्हवं?’’

‘‘मामी, कशाला आता?’’

‘‘तुझी गोष्ट अर्धी राह्यलीय. त्यांच्या हातनं काम अर्धं राह्यलेलं मला न्हाई चालायचं. तू वाच.’’

शेड भरलं होतं. मी उभी राहिले आणि वाचत गेले. कुत्र्याच्या आंघोळीला कुणी हसलं नाही. ‘आणि अखेर त्यानं’ आलं, तेव्हा मी मान वर केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. ती जागा कुणालाच नको होती, मला तर नकोच होती. मी एका दमात शेवट म्हणून टाकला आणि कागदाची घडी केली. कुणी कण्हलं नाही.

‘‘अगं, तिथं थांबायचं व्हतं,’’ मागून मामी म्हणाल्या.

‘‘मामी, नको.’’

‘‘नको काय? जल्मभर थांबून थांबून त्यांनी माणसं बसवली, आन् तू पळून गेलीस. परत वाच.’’

मी घडी उलगडली. ‘‘आणि अखेर त्यानं...’’ म्हटलं आणि थांबले. काहिलीत रस रटरटत होता, बाकी चिडीचूप. आता सगळे माझ्याकडेच बघत होते, माझ्या तोंडाकडे, ओठ जागेवर आहेत ना, असं. भीतीनं एक-दोघे उठून उभे राहिले. मी मामींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अजून नाही. मी थांबून राहिले.

‘‘हां,’’ मामी म्हणाल्या. ‘‘आता म्हण.’’

मी शेवटची ओळ म्हटली. आधी एकट्या मामींनीच ‘अरारारा’ केलं, अगदी रीतसर, मामांना आवडलं असतं तसं. मग ते त्यांना थांबवता येईना. तेव्हा सगळं शेड त्यांच्याबरोबर कण्हायला लागलं, आणि मीही.