मिनतीमासीची सही

तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांच्यापैकी एकालाही हे चार वर्षांत सांगता आलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, मॅडमना तर नाहीच. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा मिनतीमासीचं कौतुक करून वही मिटली. आजही सुरुवात तिथूनच होतेय.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. आबा गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. त्या कामासाठी ते लग्नाआधीच कोलकात्याला आले, आणि बागबाजारच्या दोन खोल्यांत मी वाढले. आबा सातवी, आई चौथी. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिली. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की चिमट्यातून केळीचा कोंब तीनदा पडला. सगळे हसले. मासी तेवढी हसली नाही.

इथे मावशीला मासी म्हणतात. मिनतीमासी आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस, शिक्षण आठवीपर्यंत. पण एकोणीस वर्षं तिथलं सगळं माध्यम तीच बनवत होती. माध्यम म्हणजे साखर, क्षार आणि अगर घालून केलेली जेली. बाटलीतलं रोप त्यावर जगतं. ते निर्जंतुक करायचं यंत्र म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, आणि सगळे त्याला कुकरच म्हणायचे. रोपांच्या खोलीची किल्ली मासीच्या पदराच्या गाठीत असायची. "हात कापतोय? कापू दे," ती तिच्या बंगाली-हिंदीत म्हणाली. "कोंबाला कुठं कळतंय तू कोण आहेस ते!" जाळावर धरलेली सुरी किती वेळ निवू द्यायची, कोंबाचा अगदी आतला टोकाचा भाग कसा काढायचा, हे मला पुस्तकाच्या आधी तिनं शिकवलं. दुपारी तिच्या डब्यातले मुरमुरे अर्धे माझे असायचे. मी आज संशोधन करतेय ते तिच्यामुळे. हे मी कुठेही सांगू शकते. अडचण पुढचं सांगायची आहे.

मी तिसऱ्या वर्षाला होते. एका बागेतून मर्तमान केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, आले होते. ही इकडची लाडकी केळी, पण मर रोगानं पार खचलेली. ती बाग नंतर उपटून टाकणार होते, म्हणून हाती आलेले मुनवेच काय ते शेवटचे. साठ बाटल्यांचं माध्यम कुकरमध्ये होतं. काटा ठरलेल्या दाबावर आला की वीस मिनिटं मोजायची, आणि चालू कुकर सोडून कुणी हलायचं नाही — हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा कडक नियम. मासी मुनवे धुवायला गच्चीवर गेली आणि जाताना म्हणाली, "काट्यावर लक्ष ठेव, मराठी मेये." मेये म्हणजे पोरगी.

नवव्या मिनिटाला आबांचा फोन आला. ते कॉलेजच्या फाटकाशी उभे होते.

आता तुम्ही विचाराल, मग काय झालं? मासीला हाक मारायची, ती खाली आली असती. खरंय. पण मासी खाली आली असती तर म्हणाली असती, बाबांना वर घेऊन ये. आणि वर माझ्या वर्गातली मुलं होती. त्यांचे आईवडील बँकेत, सरकारी कचेऱ्यांत. आबांची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली, शर्टाला तेजाबाच्याच बारीक बारीक भोकांची जाळी... अजून किती फिरवून सांगू? मला माझ्या वडिलांची लाज वाटली. चालू कुकर सोडता येत नव्हता, म्हणून मी तो बंद केला आणि खाली धावले.

आबांनी आईनं केलेल्या करंज्या आणल्या होत्या. "वर येऊ का गं? तुझी ती बाटलीतली झाडं बघतो की जरा."

"बाहेरच्यांना सोडत नाहीत, आबा."

"बरं बरं. नियम म्हंजे नियम." आणि ते गेले.

मी वर आले तोवर मासी खाली उतरत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, वीस मिनिटं होऊन गेली होती. काटाही उतरला होता, जसा काम संपल्यावर उतरतो. "झालं का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झालं, मासी. वेळेवर बंद केला." तिनं रजिस्टरमध्ये वीस मिनिटं लिहिलं आणि खाली सही केली. बंगालीत, सावकाश, एकेक अक्षर जुळवत.

एरवी माध्यम चार दिवस ठेवून, खराब होत नाही ना ते पाहून मग वापरतात. पण मुनव्यांतून काढलेले कोंब तेवढे थांबणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही ते बाटल्यांत लावले. आठवड्याभरात सगळ्या बाटल्या दुधाळ झाल्या. जंतू मेलेच नव्हते.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. मी तिथेच उभी होते — टेबलापासून दोन हातांवर. मासीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं काट्यावर संशय घेतला, विजेवर घेतला, शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. माझ्यावर नाही. "सही माझी आहे, मॅडम," ती म्हणाली. मॅडमनी किल्ली मागितली. पदराची गाठ घट्ट बसली होती. ती सोडवायला तिला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला एक वाक्य बोलता आलं असतं. आलं नाही — छे, मी बोलले नाही.

तिला मागच्या मोरीत बाटल्या धुवायला बसवलं. त्याच साठ बाटल्यांपासून सुरुवात. आणि धुता धुता तिनं तीन बाजूला काढल्या. त्यांत जेली दुधाळ होती, पण रोप मात्र ताठ, हिरवंगार. तिनं त्या फेकल्या नाहीत. मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. "ही मेली का नाहीत, बघा तरी."

त्या बाटल्यांतला जंतू वेगळा निघाला. उष्णतेत तग धरणारा आणि मर रोगाच्या बुरशीला अडवणारा. आता आम्ही बाटलीतली रोपं मातीत लावण्याआधी त्यांची मुळं त्या जंतूच्या पाण्यात बुडवतो, आणि कुंड्यांमध्ये त्यांतली पुष्कळ रोगाला पुरून उरतात. मर्तमानही त्या तीन रोपांतून पुन्हा वाढवली. या पद्धतीच्या पेटंटचा अर्ज गेलाय. त्यावर मॅडमच्या नावाखाली माझं नाव आहे. मासीचं नाही.

तिचं नाव गोष्टीत येतं. पाहुणे आले की मॅडम रंगवून सांगतात, 'मिनतीचं घड्याळ चुकलं आणि आमचं नशीब उघडलं.' सगळे हसतात. सगळ्यात वाईट काय, सांगू? न्यू टाउनच्या एका परिषदेत व्यासपीठावरून ती गोष्ट मीही सांगितली. मलाही टाळ्या मिळाल्या.

गेल्या महिन्यात मासी निवृत्त झाली. निरोपाला मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं आणि मासीला दोन शब्द बोलायला लावलं. ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "चूक झाली माझ्या हातून," ती म्हणाली, "पण झाडं वाचली ना. आता घरी भात लावला तरी सुनेला विचारते, बघ गं, वेळ झाली का? माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही बाबा!" हॉल हसला. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर पाया पडले, तर माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बघ, आता कापत नाहीत."

मिनतीमासीचे डोळे चांगले आहेत. त्या दिवशी तिनं घड्याळ बरोबर पाहिलं होतं. चुकीचं काही होतं तर मी दिलेला शब्द, आणि तिनं तो न तपासता खरा मानला. इतका विश्वास माझ्यावर तिच्याआधी बाहेरच्या कुणीच टाकला नव्हता. ती आजही घरी भात लावताना सुनेला हाक मारत असेल.