पाहुणा सुका जाऊ नये म्हणून

आमच्या काकांना पाहुणचाराचा आजार होता. गोव्याचं वेगळं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोकणी की मराठी या वादात गावोगाव घसा फोडून आलेले काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आता भाषणाला विषय उरला नाही म्हणून पाहुण्यांच्या मागे लागले होते. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात तेव्हा घरोघरी गोऱ्यांना खोल्या भाड्याने द्यायचं खूळ शिरलं होतं. खोल्या आमच्या, झाडलोट आईची, आणि यजमानपण मात्र शेजारच्या घरातून येऊन काका करत.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एक म्हातारं इंग्रज जोडपं उतरलं. नवरा निवृत्त शिक्षक, आणि दारूला आयुष्यात न शिवलेला. काका रोज संध्याकाळी काजू फेणीची बाटली काखेत मारून येत. तो हसून हात जोडी आणि आईकडे लिंबूसोडा मागे. काकांना तो स्वतःचा अपमान वाटे.

"कसलो गोरो हो? नुसतो लिंबूसोडो पिता!" असं ते तिठ्यावर सांगत फिरायचे. जसं काही त्या माणसाने त्यांच्या घरी चोरी केली होती.

एका सकाळी आईने पायऱ्या धुतल्या होत्या. म्हातारा चहाचा कप घेऊन बाहेर आला, तिसऱ्या पायरीवर घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. आम्ही गाडी बघायला धावलो, तेवढ्यात काका हजर. आमच्याकडे मुका मार असो नाहीतर मुरगळा, फेणी चोळतात. काकांनी अख्खी बाटली त्याच्या पायावर रिकामी केली. बायको नको नको म्हणत होती, पण ऐकतो कोण! म्हापशाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाक मुरडलं आणि कागदावर लिहिलं, रुग्णाच्या अंगाला दारूचा वास येतो. रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही.

म्हाताऱ्याने प्रवासाचा विमा काढला होता. त्याच्या बायकोने मला समजावून सांगितलं. ऑपरेशन आणि विमानाने आडवं निजवून घरी नेणं, सगळं कंपनी करणार होती. अट एकच, अपघात दारूच्या नशेत झालेला नसावा. त्या एका ओळीमुळे कंपनीने हात आखडले होते. आता चौकशीला माणूस येईल, तुम्ही फक्त खरं सांगा, असं ती म्हणाली. खरं सांगणं तिला फार सोपं वाटलं, कारण ती आमच्या काकांना ओळखत नव्हती.

मुंबईहून आलेला तो चौकशीवाला चकचकीत बूट न काढताच आमच्या सोप्यावर चढला. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. मी सांगितलं की माणूस दारू पीत नाही, अपघात सकाळी चहाच्या वेळी झाला, फेणी नंतर पायाला चोळली. तो माझ्याकडे बघून हसला.

"मॅडम, गोव्यात सकाळ काय आणि संध्याकाळ काय! इथे येऊन कोण पीत नाही?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. गोवा म्हणजे दारूचं पिंप, एवढंच ज्ञान घेऊन ही माणसं इथे येतात. सकाळी उठून आमची माणसं शेतात जातात, डिचोलीच्या खाणींवर जातात, शाळेत शिकवायला जातात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पण त्याला उत्तर द्यायच्या आधी काका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घालून खास साक्ष द्यायला आले होते. सुरुवात व्यासपीठावरच्या मराठीत केली, पण ती फार टिकली नाही.

"साहेब, आमच्या घरून अतिथी विन्मुख जात नाही. रोज मीच माझ्या हातान पाजलंय त्येका! आमच्या गावातसून पावणो सुको जातलो? जीव गेलो तरी जावचो नाय!"

मागून शेजारचे दोघे पुढे सरसावले. एकाने काजूचा पहिल्या धारेचा हुर्राक दिला होता म्हणे, दुसऱ्याने नारळाची फेणी. कुणीही काही दिलं नव्हतं. पण पाहुणचारात मागे कोण राहणार? मी ओरडले, "हे खोटं बोलताहेत!" काकांनी मला दटावलं, "मोठी माणसां बोलतत थंय तू गप रव." चौकशीवाला खूश होऊन लिहीत होता.

कंपनीने हात वर केले. विलायतेतून त्याच्या मुलीने पैशांची सोय करेपर्यंत म्हातारा म्हापशाला पायाला वजनं टांगून पडून राहिला. हाड वाकडं जुळलं. जाण्याच्या दिवशी तो दोन कुबड्यांवर आमच्या अंगणात आला, सामान न्यायला. पाय आखूड झालेला उघड दिसत होता. काका निरोपाची भेट म्हणून फेणीची बाटली घेऊन आलेच.

बायकोने बाटली हातात घेतली आणि मला म्हणाली, "यांना विचार, माझा नवरा तुमच्याकडे काय प्यायला?"

मी विचारलं. काका मनमोकळं हसले.

"लिंबूसोडो! थेंब घेतलो नाय गे त्येना."

"मग त्या चौकशीवाल्याला तसं का सांगितलंत?" हे मी माझं विचारलं.

"तर काय? लोकां काय म्हणतली? पावण्याक सुको ठेवलो?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण लिंबूसोडा तिला कळला होता. आईच्या हातून तो तिने रोज पाहिला होता. मग तिने बाटली तिसऱ्या पायरीवर ठेवली, नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला सावकाश गाडीपर्यंत नेलं.

गाडी वळल्यावर काकांनी बाटली उचलली, सदऱ्याने पुसली आणि घरी नेली.